दोन शुद्धतांच्या कात्रीत : मुंबईचा जॅझ आणि त्याचे परीक्षक

१/
१९५१ साली ‘अलबेला’ प्रदर्शित झाला. मास्टर भगवान आणि गीता बाली यांच्या नृत्यगीतांवर अवघा देश डोलू लागला. त्यातील एका गाण्यात झालरीच्या बाह्यांचे लॅटिन अमेरिकी धाटणीचे सदरे घातलेला एक वाद्यवृंद पडद्यावर दिसतो. त्याचा म्होरक्या ट्रम्पेटवादक म्हणजे त्या काळातील मुंबईचा अव्वल जॅझ कलावंत. पण गाण्यांच्या तबकडीवर त्याचे नाव नव्हते. पुढच्याच वर्षी सरकारी आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार जवळजवळ बंद केले.

हे संगीत कोणी घडवले, परीक्षकांनी ते कोणत्या मापाने मोजले आणि त्या मोजणीत काय हरवले, याविषयी हा थ्रेड.

२/
प्रथम जॅझविषयी थोडे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स आणि आसपासच्या कृष्णवर्णीय समाजात ही शैली आकाराला आली. ठरलेल्या चालीच्या चौकटीत राहून वादकाने आयत्या वेळी नवी सुरावट रचायची, हा तिचा प्राण. ख्याल ऐकणाऱ्याला ही कल्पना अपरिचित नाही. फरक आहे तो हार्मनीचा. भारतीय संगीत एका वेळी एका स्वराचा विचार करते, तर जॅझमध्ये अनेक स्वर एकाच वेळी उभे राहतात आणि त्यांच्या बदलत्या पायावर वादक आपली इमारत रचतो. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढचा बराचसा वाद त्यातूनच निघाला आहे.

३/
जॅझ मुंबईत आला तो समुद्रमार्गे. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकी कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. अमेरिकेतील वर्णभेदाला विटलेल्या या कलावंतांना आशियातील बंदरांत मान आणि काम दोन्ही मिळत होते. वेदरफर्ड परत गेलाच नाही. १९४५ साली कोलकात्यात पटकीने त्याचा मृत्यू झाला. त्यांच्या वाद्यवृंदांत आणि आसपास जे स्थानिक वादक तयार झाले, त्यांत मोठा भरणा गोमंतकीयांचा होता.

४/
गोमंतकीयच का? याचे उत्तर चर्चच्या आवारात सापडते. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना गायन, व्हायोलिन आणि मुख्य म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. हेतू धार्मिक होता. प्रार्थनेला गायक-वादक हवे होते. पण त्यातून पिढ्यान्‌पिढ्या कागदावरचे संगीत वाचू शकणारा एक वर्ग तयार झाला. गोव्यात रोजगार तुटपुंजा, त्यामुळे ही मंडळी ब्रिटिशांच्या पलटणींत, संस्थानिकांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत आणि हॉटेलांत पोहोचली. मुंबईत त्यांचा आधार असे तो आपापल्या गावाचा ‘कूड’, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेले सामायिक बिऱ्हाड.

५/
‘अलबेला’तील तो ट्रम्पेटवादक याच प्रवाहातला. नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातील आल्दोना, जन्म १९१६. रंगमंचावरचे नाव चिक चॉकलेट. लुई आर्मस्ट्राँगचे वादन आणि त्याची खरखरीत गायकी त्याने इतकी आत्मसात केली होती की ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ ही ओळख त्याला कायमची चिकटली. ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा त्याचा वाद्यवृंद मुंबईच्या उच्चभ्रू हॉटेलांत वाजत असे. रात्री हॉटेल आणि दिवसा रेकॉर्डिंग स्टुडिओ असा त्याचा आणि त्याच्या अनेक सहकाऱ्यांचा दिनक्रम होता.

६/
हॉटेलांतून स्टुडिओकडे झालेल्या या स्थलांतराला तीन कारणे होती. स्वातंत्र्यानंतर नृत्यसभांचा मोठा गोरा ग्राहकवर्ग मायदेशी गेला. संस्थाने विलीन झाली आणि त्यांचे बँड मोडले. तिसरे कारण १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा. मद्यावाचून नाइटक्लबचे गणित जमेना आणि वाद्यवृंदांचे करार आटले. त्याच सुमारास हिंदी चित्रपटांना मोठे वाद्यवृंद हवे होते. कामावाचून बसलेले कुशल वादक आणि वादक शोधणारा उद्योग यांची गाठ पडली. हिंदी चित्रपटगीतातील जॅझ ही केवळ नक्कल किंवा फॅशन नव्हती. तिच्यामागे श्रमबाजाराची ही उलथापालथ होती.

७/
स्टुडिओतील कामाची विभागणीही समजून घ्यायला हवी. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधी. तिच्याभोवती व्हायोलिनांचा ताफा, मधल्या जागांत ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या उत्तरांच्या ओळी, मागे गिटार आणि बेस अशी सगळी मांडणी अरेंजर कागदावर उतरवी. प्रत्येक वादकाला त्याचा स्वतंत्र कागद मिळे. बहुतेक संगीतकारांना राग येत होते, पण स्टाफ नोटेशन येत नव्हते. अरेंजरना नोटेशन येत होते, पण राग शिकावे लागत होते. एकाचे ज्ञान संपे तेथे दुसऱ्याचे सुरू होई. तबकडीच्या लेबलावर मात्र चित्रपट, गायक आणि संगीतकार एवढीच नावे येत.

८/
‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर. जन्म १९१८, गाव नगर जिल्ह्यातील पुणतांबे. त्यांची सांगीतिक वंशावळ पाहिली की हा विषय थेट कृष्णाकाठी येतो.

पुणे-मिरज लोहमार्गाने रहिमतपूर, कराड, सांगली मागे टाकत मिरजेला पोहोचले, की हिंदुस्थानी संगीताच्या एका मोठ्या पीठात आपण आलेलो असतो. येथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांना घडवले. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचे मिरजकर शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तेथे शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते रामचंद्र चितळकर.

९/
म्हणजे ज्या माणसावर पुढे हिंदी गाण्याचे ‘विलायतीकरण’ केल्याचा ठपका आला, तो ग्वाल्हेर घराण्याच्या शाळेतून बाहेर पडला होता. ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०), ‘अलबेला’ (१९५१), ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांतून त्यांनी स्विंग, लॅटिन अमेरिकी ठेके आणि पुढे रॉक अँड रोल हिंदीत आणले. त्याच काळात ‘अनारकली’ (१९५३) आणि ‘आझाद’ (१९५५) यांतील बागेश्रीवर आधारलेली गाणीही त्यांनीच दिली. किंबहुना ‘अलबेला’तच एकीकडे बोंगो-क्लॅरिनेटच्या साथीने धावणारे ‘शोला जो भडके’ आहे आणि दुसरीकडे पिलूच्या छायेतले अंगाईगीत. दोन्ही एकाच हाताची.

१०/
या गाण्यांत नेमके काय घडत होते? गायकाची ओळ संपताच ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा गट तिला उत्तर देतो. ही सवाल-जवाबाची पद्धत थेट स्विंग वाद्यवृंदांतून आली. ‘आशा’तील ‘ईना मीना डीका’मध्ये अर्थहीन अक्षरांचा खेळ आहे. तो जॅझमधील ‘स्कॅट’ गायकीचा भाऊ, आणि तराणा ऐकणाऱ्या कानाला तर घरचाच. त्या गाण्याच्या मुखड्यात वाद्यवृंदातील एका गोमंतकीय वादकाने सहज पुरवलेले ‘नको’ या अर्थाचे कोकणी शब्द शिरले, असे सांगितले जाते. पुण्यात शिकलेला मराठी संगीतकार, गोव्याचा वादक, हिंदी चित्रपट आणि अमेरिकी लय अशी ती जुळणी होती.

११/
आता परीक्षकांकडे वळू. पहिले आणि सर्वांत शक्तिमान परीक्षक म्हणजे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, पॅरिसच्या सोरबॉनची डॉक्टरेट, शास्त्रीय संगीताची सखोल जाण. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांचे काव्य हलके होत चालले आहे आणि चाली व वाद्ययोजना पाश्चात्त्य उचलेगिरीच्या आहारी जात आहेत, असे त्यांचे मत होते. मत अनेकांचे असते. केसकरांच्या हाती देशभरातील नभोवाणी केंद्रेही होती.

१२/
केसकरांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने ते अन्यायाचे होईल. संस्थाने गेली तेव्हा शास्त्रीय गायक-वादकांचा राजाश्रयही गेला. ती पोकळी भरून काढण्याची ताकद त्या वेळी आकाशवाणीत होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, आकाशवाणी संगीत संमेलन १९५४ साली. खेड्यापाड्यांतील श्रोत्यांनी मोठमोठे उस्ताद आणि पंडित प्रथम ऐकले ते रेडिओवर. हे कार्य केसकरांच्या कारकिर्दीतले आहे. प्रश्न एवढाच, की एका संगीताला आश्रय देण्यासाठी दुसऱ्याला बाहेर काढणे आवश्यक होते काय?

१३/
१९५२ साली चित्रपटगीतांचा वाटा कार्यक्रमांच्या वेळेच्या सुमारे १० टक्क्यांवर आणण्यात आला. गाण्यांची निवड कडक झाली. चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते म्हणून ते वगळून केवळ गायकाचे नाव सांगण्याचे ठरले. संतापलेल्या निर्मात्यांनी परवाने मागे घेतले आणि काही महिन्यांतच चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ काढून आकाशवाणीने माघार घेतली.

१४/
येथे एक बाब नजरेत भरते. आक्षेप परकी वाद्यांना होता, असे म्हणावे तर पुरावा जुळत नाही. रहिमतपूरपासून जवळच असलेल्या औंध संस्थानचे दरबारी कलावंत गजाननबुवा जोशी व्हायोलिनवर हिंदुस्थानी राग वाजवत आणि त्या युरोपीय वाद्याला कोणी परके मानले नाही. १९५२ सालीच आकाशवाणीने रविशंकर यांच्याकडे सोपवलेल्या वाद्यवृंदात भारतीय वाद्यांसोबत काही पाश्चात्त्य वाद्येही होती. उलट, घराघरांत रुळलेल्या हार्मोनियमला १९४०पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर बंदी होती. वाद्य कुठून आले यापेक्षा ते कोणत्या व्याकरणाने वाजते, हा खरा निकष होता. रागाच्या आज्ञेत असलेले व्हायोलिन चालत होते, हार्मनीच्या आज्ञेत असलेला ट्रम्पेट नाही.

१५/
मराठीतील संगीतसमीक्षा त्या काळी भरात होती. केशवराव भोळे यांच्यासारखे रसिक लेखक गायकांची बारीक चिकित्सा करत होते. वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आले. स्वर आणि लय यांच्या तोलावरून घराण्यांचे स्वभाव उलगडणारे ते पुस्तक आजही मार्गदर्शक आहे. पण ही सारी परिभाषा घडली होती ती एकट्या गायकाच्या मैफलीसाठी. ४० वादकांनी कागदावरून वाजवलेल्या तीन मिनिटांच्या गाण्यात कर्तृत्व कोणाचे, वाद्यांची वीण कशी पारखायची, हे प्रश्न तिच्या कक्षेत येत नव्हते. जे मोजायला माप नसते ते बहुधा ‘हलके’ ठरते.

१६/
दुसऱ्या बाजूला जॅझचे भक्त. मुंबईत त्यांचे लहानसे पण जाणकार वर्तुळ होते. त्यांच्या शुद्धतेचा निकष वेगळा होता : आयत्या वेळची निर्मिती. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मिळत. त्यात मुखडा, अंतरे आणि लिहून दिलेले वाद्यखंड. मनसोक्त वादनाला जागा कुठली? म्हणून हॉटेलात रात्री वाजे तो जॅझ, आणि स्टुडिओत सकाळी वाजे ती रोजीरोटी. वादक तेच, वाद्य तेच. एका परीक्षकाच्या लेखी ते पुरेसे भारतीय नव्हते आणि दुसऱ्याच्या लेखी पुरेसे जॅझ नव्हते.

१७/
ही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हती. खुद्द अमेरिकेत त्याच दशकात जॅझच्या व्याख्येवरून रणे माजली, आणि त्यातील एका प्रकरणाचा धागा मुंबईतून जातो. १९५८ साली अमेरिकी परराष्ट्र खात्याने पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीला शीतयुद्धाच्या सांस्कृतिक दौऱ्यावर पाठवले : पोलंड, तुर्कस्तान, भारत, सिलोन, इराण, इराक. मुंबईत ब्रुबेकने सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वादन केले. इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेला नऊ मात्रांचा ठेका त्याच्या डोक्यात घोळत होताच. परतल्यावर त्याने चार मात्रांच्या नेहमीच्या चाकोरीबाहेरचा एक संपूर्ण अल्बम केला.

१८/
तो अल्बम ‘टाइम आउट’ (१९५९). त्यातील पॉल डेझमंडची रचना ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांच्या आवर्तनात आहे. झपतालाचे दोन-तीनचे खंड कानात असलेल्याला ती चटकन उमगते. समीक्षकांनी मात्र अल्बमचे स्वागत थंडपणे केले. अनेकांना तो लयीच्या कसरतींचा खटाटोप वाटला. श्रोत्यांचा कौल उलटा पडला. दहा लाखांहून अधिक प्रती खपलेला हा जॅझचा पहिला अल्बम मानला जातो. लोकप्रियता हीच दोषाची खूण समजण्याची सवय केवळ आकाशवाणीच्या कचेरीत नव्हती, हे यावरून दिसते.

१९/
त्याच १९५९ साली माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ आला. याला समीक्षकांनी प्रथमपासून डोक्यावर घेतले. त्याचे तंत्र आपल्या दृष्टीने विशेष आहे. झपाट्याने बदलणाऱ्या हार्मनीचा भार उतरवून डेव्हिसने वादकांना एकेका सप्तकात दीर्घकाळ रमायला सांगितले. ‘सो व्हॉट’ ही रचना ‘डोरियन’ स्वरसमूहावर उभी आहे, आणि त्याचे स्वर म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. मुंबईत रागसंगीत हार्मनीकडे जात असल्याची तक्रार होत असताना न्यूयॉर्कमध्ये जॅझ हार्मनीपासून दूर, रागाच्या दिशेने सरकत होता.

२०/
या अल्बममध्ये सॅक्सोफोन वाजवणारा जॉन कोलट्रेन पुढे रविशंकर यांच्या संगीताकडे ओढला गेला. नोव्हेंबर १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबात त्याने ‘इंडिया’ या नावाची रचना ध्वनिमुद्रित केली. आणि त्याच महिन्यात ‘डाउनबीट’ या अग्रगण्य जॅझ नियतकालिकात जॉन टायनन या समीक्षकाने त्याच्या नव्या वादनावर ‘जॅझविरोधी’ असा शिक्का मारला. तो शब्द इतका गाजला की १९६२ साली कोलट्रेन आणि त्याचा सहकारी एरिक डॉल्फी यांनी त्याच नियतकालिकातून समीक्षकांना सविस्तर उत्तर दिले.

२१/
समीक्षा किती दुभंगली होती याचे उत्तम उदाहरण म्हणजे ऑर्नेट कोलमनचा ‘फ्री जॅझ’. जानेवारी १९६२मध्ये ‘डाउनबीट’ने त्याची दोन परीक्षणे एकत्र छापली. पीट वेल्डिंगने पाचपैकी पाच तारे दिले. टायननने शून्य. दोन्ही मते एकाच अंकात छापण्याचा हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे. तेथे वाद झाला, उत्तरे छापली गेली आणि कलावंताचे नाव प्रत्येक वाक्यात राहिले. चिक चॉकलेटच्या वाट्याला असे परीक्षण येणे शक्यच नव्हते, कारण ज्या तबकडीचे परीक्षण व्हायचे तिच्यावर त्याचे नाव नव्हते.

२२/
टायनन आणि केसकर यांची तुलना थोडी ताणलेली वाटेल, आणि एका मर्यादेनंतर ती ताणूही नये. टायननकडे लेखणी होती, केसकरांकडे प्रक्षेपक. पहिल्याच्या शून्याने अल्बम दुकानातून हटला नाही. दुसऱ्याच्या आदेशाने गाणे हवेतून हटले. परंतु विचाराची ठेवण सारखी आहे. दोघांनीही आपापल्या परंपरेवरच्या प्रेमापोटी एक कुंपण घातले. पलीकडे वाजणारे संगीत चांगले की वाईट, हा प्रश्न मागे पडला. ते ‘आपले’ आहे की नाही, एवढेच विचारले गेले.

२३/
साठच्या दशकात मुंबईत अरेंजरांचे युग बहरले होते. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या ‘स्टिफल्स’ हॉटेलात वाद्यवृंद चालवत. पलुसकरांनी ज्या शहरात गांधर्व महाविद्यालय काढले, त्याच शहरात. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यरचनांमागचा हात झाले. फ्रँक फर्नांड यांनी चित्रपटसंगीतातील कमाई कोकणी चित्रपटांत घातली : ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६). ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या कोकणी गीतांत जॅझ उघड वाजत होता. कोकणी श्रोत्यांनी तो आपला मानला.

२४/
या साऱ्या वाटचालीतून एक अल्बम निघाला : शंकर-जयकिशन यांचा ‘रागा जॅझ स्टाइल’ (१९६८). तोडी, भैरव, मालकंस, कलावतीपासून भैरवीपर्यंत ११ रागांवरच्या ११ रचना. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोडिन्हो, पियानोवर लुसिला पाचेको. गाण्याच्या मागे उभे राहणारे हे वादक येथे अखेर पुढे आले. दोनच वर्षांपूर्वी लंडनमध्ये कोलकात्याचा जॉन मेयर आणि जमैकाचा जो हॅरियट यांनी ‘इंडो-जॅझ स्वीट’ काढला होता. लंडनचा प्रयोग मैफलीच्या दुनियेतला, तर मुंबईचा चित्रपट स्टुडिओतला.

२५/
दोष दाखवायचेच तर ‘रागा जॅझ स्टाइल’मध्ये ते दाखवता येतात. रचना छोट्या आहेत, रागाचा विस्तार होण्याआधीच संपतात, आणि वादकांची मोकळीक चित्रपटगीताच्या शिस्तीने बांधलेली आहे. पण तोडीची सतार आणि सॅक्सोफोन एकमेकांना ज्या सहजतेने वाट देतात, ती एका दिवसात आलेली नाही. तिच्यामागे दोन दशकांची स्टुडिओतील रोजची कवायत आहे. जिला एका बाजूने ‘उचलेगिरी’ आणि दुसऱ्या बाजूने ‘पोटासाठीचे काम’ म्हटले गेले, तीच ही कवायत.

२६/
चिक चॉकलेटने हा अल्बम पाहिला नाही. १९६७ साली त्याचे निधन झाले. अँथनी गोन्साल्विस यांची कथा याहून बोलकी. मजोर्ड्याच्या या व्हायोलिनवादकाने १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय राग आणि पाश्चात्त्य सिंफनी यांचा संगम घडवणारी मैफल केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात गुरूचे नाव गुंफले. ते नाव देशभर पोहोचले, पण ते एका खऱ्या संगीतज्ञाचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

२७/
हा इतिहास पुन्हा जोडला गेला तो फार उशिरा. ग्रेगरी बूथ यांनी वादक-अरेंजरांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिले. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ साली आले आणि मुंबईच्या जॅझयुगाची नावे, चेहरे आणि तारखा लोकांसमोर आल्या. तोवर त्या पिढीतील अनेक जण काळाच्या पडद्याआड गेले होते. परीक्षकांनी नाकारलेले संगीत टिकले, कारण लोक ते गात राहिले. हरवली ती माणसांची नावे, कारण नोंद ठेवण्याजोगे हे काम आहे असे कोणालाच वाटले नाही.

२८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यायचा बोध पद्धतीविषयीचा आहे. समीक्षा हे साधन म्हणून वापरताना तीन गोष्टी तपासाव्यात. परीक्षकाचे माप कोणते होते? त्या मापाने मोजता न येणारे काय होते? आणि त्याच्या मतामागे केवळ लेखणी होती की सत्ता? ‘अमुक संगीताला टीकाकारांनी हलके ठरवले’ हे वाक्य संगीताविषयी थोडे आणि टीकाकारांच्या काळाविषयी बरेच सांगते.

२९/
रहिमतपूर, कराड, विटा अशा गावांतील श्रोत्याने ताजमहाल हॉटेलातील मैफल कधी ऐकली नाही. जॅझ त्याच्या कानी आला तो तंबूतल्या सिनेमातून, यात्रेतल्या कर्ण्यातून आणि सिलोनच्या लहरींवरून, जॅझ हे नावही न सांगता. एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर ‘अलबेला’ची तबकडी अजून असेल, तर तिचे लेबल वाचावे. चित्रपट, गायक, संगीतकार. मग गाणे लावावे आणि ओळीच्या शेवटी उत्तर देणारा ट्रम्पेट ऐकावा. आल्दोन्याच्या अँतोनियो झेवियर वाझची सही तेवढीच आहे.

(थ्रेड समाप्त)